हवेची खातेवही

वर्गात डेबिट-क्रेडिट गिरविणाऱ्या बी.कॉम.च्या विद्यार्थ्याने हवामानावर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. पण 'हरितगृह परिणाम' हे प्रकरण मला विज्ञानाच्या भाषेपेक्षा जमाखर्चाच्या भाषेत लवकर उमगले, म्हणून हा खटाटोप.

प्रथम नावाविषयी. मराठीत हरितगृह, कन्नडमध्ये हसिरुमने. दोन्ही शब्दांनी डोळ्यांपुढे बाग उभी राहते. संकटाचे इतके गोड नाव दुसरे नसेल! शिवाय उपमाही अर्धवट आहे. काचेच्या घरात ऊब टिकते ती मुख्यतः तापलेली हवा बाहेर निसटत नाही म्हणून. पृथ्वीवर काच नाही, तेथे हे काम काही वायू करतात. सूर्यप्रकाशाला ते फारसे अडवीत नाहीत. पण तापलेल्या जमिनीतून निघणारी अदृश्य उष्णता शोषून घेतात आणि तिचा काही भाग पुन्हा खाली पाठवितात. बेळगावच्या थंडीत याचा अनुभव कोणालाही येतो. आभाळ निरभ्र असले की पहाटे हुडहुडी भरते आणि ढग आले की तीच रात्र सुसह्य होते. ढगही जमिनीची उष्णता असेच अडवितात.

हा परिणाम मुळात शत्रू नव्हे. तो नसता तर पृथ्वीचे सरासरी तपमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले असते. तो आहे म्हणून ते सुमारे १५ अंश आहे. तक्रार आहे ती शिल्लक फुगत चालल्याची.

यंत्रयुगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. ही आरंभीची शिल्लक समजा. १९५८ साली चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर रोजची मोजणी सुरू केली, तेव्हा आकडा ३१५ च्या घरात होता. २०२४ साली तो ४२० च्या पुढे गेला. या नोंदी थेट पासबुकासारख्या दिसतात. उत्तर गोलार्धात पालवी फुटली की झाडे वायू ओढून घेतात आणि आकडा थोडा उतरतो. पानगळीनंतर तो पुन्हा चढतो. मात्र वार्षिक सरासरी आदल्या वर्षापेक्षा कमी भरली, असे तेव्हापासून एकदाही झालेले नाही. माणूस दरवर्षी सुमारे ४० अब्ज टन वायू सोडतो. त्यातला जवळजवळ निम्मा समुद्र आणि झाडेझुडपे पोटात घालतात, उरलेला हवेत जमा होतो.

यावर आमच्या कट्ट्यावर हमखास येणारा आक्षेप असा की, शेकडा ०.०४ एवढ्याशा वायूने काय होणार? उत्तर असे की, कोरड्या हवेतील ९९ टक्के नायट्रोजन आणि ऑक्सिजन ही उष्णता जवळजवळ अडवीतच नाहीत. त्यामुळे थोडक्या वायूंकडेच सारी मदार येते. १८५६ साली यूनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली, तर कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत अधिक तापले. १८९६ साली स्वीडनच्या अरेनियसने तर हा वायू दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणितच मांडले, आणि तेही हाताने!

दुसरा आक्षेप, हा वायू आपलाच कशावरून? हिशेबनीस येथे व्हाउचर मागेल, आणि ते आहे. कोट्यवधी वर्षे पुरलेल्या कोळशात आणि तेलात कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार उरलेला नसतो. हवेतील कार्बनमध्ये त्याचे प्रमाण घटत असल्याचे हान्स स्यूस यांनी १९५५ मध्ये दाखविले. म्हणजे जुना, जमिनीखालचा कार्बन हवेत मिसळत होता. सूर्यच जास्त तापला म्हणावे, तर वातावरणाचा वरचा थरही तापायला हवा होता. प्रत्यक्षात तो थंड होत आहे.

माझ्या मामांचे गाव घटप्रभेच्या काठी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्यांच्या सोप्यापर्यंत आले, ऊस आडवा झाला. "हे तुमच्या त्या तपमानवाढीमुळेच काय रे?" असे मामा विचारतात. एका पुराचे सारे खापर तिच्यावर फोडता येत नाही. धरणांचा विसर्ग आणि नदीपात्रातील अतिक्रमणे हीदेखील कारणे असतात. पण तपमान एक अंशाने वाढले की हवेत सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते, आणि जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने २०२४ हे वर्ष १८५० ते १९०० च्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने उष्ण होते. पाऊस पडला तर तो जोरात पडण्याची शक्यता वाढते, एवढे मामांना खात्रीने सांगता येते.

मग कर्ज कोणाच्या नावे मांडायचे? आजवरच्या कोळसा-तेलाच्या धुराचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. आजही तेथे माणशी वर्षाला सुमारे १४ टन पडतात, आपल्याकडे सुमारे २. भारताने २०२१ साली ग्लासगो येथे, २०७० पर्यंत निव्वळ शून्य गाठू, असे जाहीर केले. तेव्हा मी पासष्टीचा असेन. पण निव्वळ शून्य म्हणजे खात्यात नवी भर थांबणे. मागची शिल्लक पुढच्या पानावर ओढली जातेच, आणि तिच्यातील बराच भाग शतकानुशतके हवेत राहतो.