कोंबड्यांच्या जाळीतला टीव्ही

१९७५च्या ऑगस्टमध्ये राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटकातल्या सुमारे २,४०० गावांत उपग्रहाचा टीव्ही सुरू झाला. त्यासाठीच्या छत्र्या होत्या तीनेक मीटर रुंदीच्या, आणि बनवलेल्या कशाच्या, तर खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीच्या! त्यांचं तोंड होतं पूर्व आफ्रिकेच्या डोक्यावर, जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंचीवर असलेल्या नासाच्या एटीएस-६ या उपग्रहाकडे. एवढ्या उंचीवरचा उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, त्यामुळे एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो. छत्री एकदा रोखली की झालं. वर्षभराच्या या प्रयोगाचं नाव ‘साइट’.

पण जाळीला तर भोकं असतात. लहरी आरपार कशा जात नाहीत? साइटच्या लहरींची लांबी होती सुमारे ३५ सेंटीमीटर. एवढ्या लांब लहरीच्या लेखी बोटभर भोकांची जाळी म्हणजे सलग पत्राच. आणि त्या खोलगट आकाराची करामत तर विलक्षण आहे. गणितात त्याला अन्वस्त म्हणतात. दुरून येणारी लहर काठावर आदळो की मध्यावर, तिथून उसळून नाभीपाशी, म्हणजे छत्रीसमोरच्या एका ठरावीक बिंदूपाशी, पोचेपर्यंत तिची एकूण वाट सारख्याच लांबीची भरते. त्यामुळे सगळे तुकडे एका ठेक्यात नाभीवर येतात आणि त्यांची बेरीज होते. वीज नाही, यंत्र नाही. नुसता आकार हे काम करतो.

उपग्रहाचा झोत भारतावर रोखलेला होता. मात्र कुठल्याच अँटेनाला आपला झोत पुरता आवरता येत नाही, थोडं इकडेतिकडे सांडतंच. इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये स्टीव्ह बर्किल या बीबीसीच्या इंजिनिअरनं हे सांडलेलंच आपल्या घरी टिपलं. आपल्या खेड्यांसाठी निघालेली चित्रं शेफिल्डच्या एका घरात उमटली! घरगुती उपग्रह टीव्हीची गोष्ट बहुतेक जण अमेरिकेपासून सांगतात; मी तरी ती इथूनच सांगेन.

अमेरिकेतला मान स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टेलर हॉवर्ड यांचा. १९७६ साली त्यांनी कॅलिफोर्नियातल्या घरी मोठी डिश बसवली आणि एचबीओचे सिनेमे पाहू लागले. ते प्रक्षेपण घरांसाठी नव्हतंच. उपग्रहाकडून केबल कंपन्यांच्या भल्यामोठ्या डिशांकडे ते जात होतं, म्हणून उपग्रहावर एका वाहिनीच्या वाट्याला जेमतेम पाच वॅटचा प्रेषक असला तरी भागत होतं. पाच वॅट म्हणजे एखादा लहानसा एलईडी दिवा. तेवढी शक्ती अख्ख्या खंडावर पसरली की तीन मीटरच्या डिशमध्ये उरते एका वॅटच्या साधारण लाख-कोटीव्या भागाएवढी. ती टिपायची तर ओंजळ मोठी हवी, आणि नाभीपाशी असा प्रवर्धक हवा की त्याच्या स्वतःच्या उष्णतेचा गोंगाट त्या सिग्नलला गिळणार नाही. हॉवर्ड सरळ माणूस. त्यांनी एचबीओला शंभर डॉलरचा चेक पाठवला. कंपनीनं तो परत केला: आमचा व्यवहार एकेकट्या प्रेक्षकाशी नसतो!

आपल्याकडे मोठ्या छत्र्यांचा खरा सुकाळ झाला तो १९९१ साली स्टार टीव्ही आल्यावर. मुंबईतल्या इमारतींच्या गच्च्यांवर केबलवाल्यांनी त्या रोखल्या एशियासॅट-१ या उपग्रहाकडे, आणि हा उपग्रह होता चक्क सेकंडहँड. आधीचं नाव वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४मध्ये स्पेस शटलमधून सोडल्यावर त्याची मोटर बिघडली आणि तो भलत्याच कक्षेत अडकला. नोव्हेंबरमध्ये डेल गार्डनर आणि जोसेफ ॲलन हे अंतराळवीर यानाबाहेर पडले, त्याला पकडलं आणि शटलमध्ये घालून पृथ्वीवर आणलं. डागडुजी झाली, नवा मालक मिळाला आणि एप्रिल १९९०मध्ये एका चिनी रॉकेटनं त्याला पुन्हा वर नेलं. त्याच्याकडून आलेले कार्यक्रम मग गच्चीवरून लोंबणाऱ्या काळ्या केबलीतून मजल्यामजल्यावरच्या घरांत उतरू लागले.