घरगुती सर्व्हर व राऊटरसाठी अल्पवीज संगणकाची निवड : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव या पाच तालुक्यांचा हा जिल्हा प्रामुख्याने शेतीप्रधान आहे. येथील कुटुंबांकडेही आता शेतीची कागदपत्रे, मुलांचे अभ्याससाहित्य व छायाचित्रे संगणकीय स्वरूपात साठत आहेत. ही माहिती घरात साठवून मागताच पुरविणारा सर्व्हर व सर्व यंत्रांना इंटरनेट वाटून देणारा राऊटर, ही दोन्ही कामे एक लहान संगणक करू शकतो. त्याच्या निवडीचे निकष प्रस्तुत लेखात मांडले आहेत.

विजेचा खर्च :
हे यंत्र अहोरात्र चालते. म्हणून वेगापेक्षा विजेचा विचार आधी करावा लागतो. जुना डेस्कटॉप सरासरी ६० वॉट वीज घेतो असे धरल्यास वर्षाला सुमारे ५२५ युनिट खर्च होतात. ८ वॉटच्या यंत्रास सुमारे ७० युनिट पुरतात. म्हणजेच फुकट मिळालेला जुना संगणक वीजबिलाच्या रूपाने महाग पडतो.

खंडित वीजपुरवठा :
वीज गेल्यावर यंत्र किती वेळ तग धरते, हा दुसरा निकष होय. ३० वॉट-तास क्षमतेच्या लहान बॅटरीवर ८ वॉटचे यंत्र गणिताने पावणेचार तास चालते, तर ६० वॉटचे केवळ अर्धा तास. प्रत्यक्षात हा काळ काहीसा कमी भरतो. लेखन चालू असताना वीज गेल्यास मेमरी कार्डवरील माहिती बिघडू शकते. म्हणून साठवणुकीसाठी एसएसडी वापरणे व बॅटरी संपण्यापूर्वी यंत्र आपोआप बंद होण्याची व्यवस्था करणे हितावह ठरते. उन्हाळ्यातील तापमान लक्षात घेता यंत्र हवेशीर जागी ठेवावे.

उपलब्ध पर्याय :
२०१९ मध्ये आलेला रास्पबेरी पाय ४ अल्पवीज असून साध्या सर्व्हरसाठी पुरेसा आहे. मात्र त्यात एकच इथरनेट पोर्ट आहे. शिवाय बॅटरीवर चालणारे अंतर्गत घड्याळ नसल्याने वीज व इंटरनेट दोन्ही गेल्यानंतर त्याची वेळ चुकते. राऊटरसाठी एक पोर्ट बाहेरील जोडणीस व दुसरा घरातील जाळ्यास असणे सोयीचे असते. इंटेल एन१०० हा २०२३ चा प्रोसेसर ६ वॉट श्रेणीतील असून तो बसविलेले, दोन किंवा अधिक पोर्टचे मिनी संगणक मिळतात. संपूर्ण यंत्राची वीज मात्र त्याहून अधिक असते, याची नोंद घ्यावी.

मर्यादा :
दोन्ही कामे एकाच यंत्रावर सोपविल्यास ते बिघडताच घरातील इंटरनेटही बंद पडते. त्यामुळे जुना राऊटर जपून ठेवावा. अनेक सेवादाते एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत विभागतात. तेव्हा बाहेरगावाहून घरच्या सर्व्हरपर्यंत थेट पोहोचता येत नाही. तसेच घरातील एकच प्रत म्हणजे सुरक्षितता नव्हे. दुसरी प्रत अन्यत्र असलीच पाहिजे.

निष्कर्ष :
कमी वीज, खंडित पुरवठ्यात टिकाव आणि दोन पोर्ट या क्रमाने निवड करावी. असे यंत्र इंटरनेट बंद असतानाही उपयोगी पडते. किविक्स या मुक्त प्रणालीद्वारे मराठी विकिपीडियाची प्रत त्यावर ठेवल्यास विद्यार्थ्यांना ती घरातील कोणत्याही मोबाईलवर वाचता येते. ग्रामीण कुटुंबासाठी या यंत्राचे खरे मोल यातच आहे.