नाव तरते कशी, बुडते कशी?

साताऱ्यात उगम पावणारी कृष्णा पावसाळ्यात सांगलीकरांची परीक्षाच घेते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरात ब्रह्मनाळ येथे माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली. बायाबापड्या, लेकरे बुडाली.

लोखंडी खिळा बुडतो, पण गुळाची रिकामी काहील तरते. असे का? खिळा भरीव, लोखंड पाण्याच्या जवळजवळ आठपट जड. काहील पोकळ, म्हणून ती स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते आणि तेवढ्याच जोराने पाणी तिला उचलून धरते.

१ लिटर पाणी म्हणजे १ किलो. ६० किलोचा माणूस चढला, की नाव आणखी ६० लिटर पाणी सारेपर्यंत खाली बसते. काठ पाण्याला टेकत आला, की एका बाजूला सरकलेली माणसेही तिला उलटवतात.

म्हणून बंधू-भगिनींनो, नावेत जागा किती हे पाहू नका, काठ पाण्याच्या किती वर आहे ते पाहा. चढणाऱ्याला थांबवणे हा निर्दयपणा नव्हे. दुसरी खेप मागणे हा आपला हक्कच आहे.