दादा जयपूरला गेले ते वर्ष

यंदा उसाची शेवटची खेप भरून ट्रॅक्टर निघाला, तेव्हा आबांनी ओट्यावरूनच विचारलं, "ऊस दादांच्याच कारखान्याला गेला न्हवं?" मी हो म्हटलं. आबांचं वय अठ्ठ्याऐंशी. तो कारखाना आता काही वर्षं एक खासगी कंपनी भाडेकरारावर चालवते, हे त्यांना मी एकदा सांगितलं होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत. पुन्हा सांगायचं धाडस मला झालेलं नाही.

१ मार्च १९८९ला वसंतदादा पाटील गेले. दर वर्षी त्या तारखेला सांगलीत कृष्णाकाठी समाधीवर फुलं वाहिली जातात आणि भाषणांतून तीच गोष्ट पुन्हा ऐकू येते: २४ जुलै १९४३, सांगलीचा तुरुंग फोडून खंदकात मारलेली उडी, खांद्यात घुसलेली गोळी. गोष्ट खरी आहे आणि तिच्यात दोन साथीदारांचे प्राण गेलेले आहेत, म्हणून मी ती ऐकून घेतो. पद्माळ्याचा पोरका पोर, जेमतेम शिक्षण, आजीच्या हातचं वाढणं, १९५२ची आमदारकी हेही आता पाठ झालंय. मला आठवतात ते त्यानंतरचे दादा. मी शाळेत होतो तिथपासून कॉलेजात जाईपर्यंतचे, साधारण १९७६ ते १९८७.

१९७६मध्ये शंकरराव चव्हाणांनी त्यांना मंत्रिमंडळातून वगळलं आणि दादा राजकारण सोडल्याचं सांगून सांगलीला परतले. धोतर, सदरा, पांढरी टोपी. माणूस कारखान्याच्या कामाला लागला. आबा तेव्हा रोज सायकलवरून काहीतरी निमित्त काढून तिकडे जायचे. पुढच्याच वर्षी लोकसभेला काँग्रेसचं पानिपत झालं आणि ज्यांनी त्यांना घरी बसवलं त्याच पक्षाने त्यांना मुख्यमंत्री केलं.

मग १९७८. दोन काँग्रेसचं जोडसरकार, नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. चार महिने पुरते चाललं आणि जुलैत शरद पवार काही मंत्र्यांनिशी बाहेर पडून जनता पक्षाच्या साथीने अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले. 'पाठीत खंजीर' हा शब्दप्रयोग मी पहिल्यांदा आमच्या सोप्यात ऐकला. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात आमदारांचे गठ्ठे इकडून तिकडे गेले तेव्हा टीव्हीवरची माणसं कधीच असं झालं नव्हतं अशा थाटात बोलत होती. झालं होतं. त्याची वाट जुलै १९७८मध्येच पडली, आणि तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांनी आज नैतिकता शिकवू नये असं मला मनापासून वाटतं.

पण दादांची सगळी मापं बरोबर पडली असंही मी म्हणणार नाही. खुजगाव की चांदोली, हा वाद आमच्या जिल्ह्यात अजून दोन म्हातारे भेटले की निघतो. वारणेवरचं धरण खुजगावला व्हावं यासाठी राजारामबापू झगडले. दादा चांदोलीच्या बाजूचे. धरण चांदोलीला झालं. माझी आत्या जतला दिलेली. ती शेवटपर्यंत म्हणायची, बापूंचं खरं होतं. म्हैसाळ योजनेचं पाणी तिकडच्या शिवारापर्यंत यायला तिच्या नातवंडांची लग्नं उजाडली. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे दादांनीच राज्याला सांगितलं, आणि त्यांच्याच जिल्ह्याचा पूर्व भाग घागरी घेऊन उभा राहिला. याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

१९८३च्या फेब्रुवारीत ते पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि विनाअनुदानित अभियांत्रिकी-वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळाली. महाराष्ट्रातली मुलं देणगी भरून कर्नाटकात शिकायला जातात, ती इथेच शिकावीत, असा साधा शेतकरी हिशेब त्यामागे होता. मी त्या पहिल्या काही तुकड्यांतला. नाव घेत नाही, पण ज्या संस्थेत मी गेलो तिथे पावतीवर एक रक्कम होती आणि हातात दिलेली दुसरी. आबांनी विहिरीलगतचे तीस गुंठे विकले. मी इंजिनियर झालो, पगार मिळाला, घर बांधलं. त्या निर्णयाशिवाय यातलं काही झालं नसतं. आणि तरी ते तीस गुंठे मला अजून दिसतात. दादांनी ज्यांच्यावर विश्वास टाकून दार उघडलं त्यातल्या कित्येकांनी दारातच गल्ला मांडला. सहकारात सभासद तरी असतो, सभेत उठून विचारायला. तिथे विचारणारंच कुणी ठेवलं नव्हतं.

१९८५मध्ये निवडणूक जिंकून तीन महिने होतात न होतात तोच दादा पायउतार झाले. दिल्लीने त्यांना न जुमानता प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष केलं, ते त्यांना सोसलं नाही. नोव्हेंबरात ते राजस्थानचे राज्यपाल म्हणून जयपूरला गेले. गावात पेढे वाटले गेले. आबांनी पेढा घेतला आणि खिशात ठेवला.

त्या दोन वर्षांबद्दल आमच्याकडे कुणी बोलत नाही. मला मात्र तीच जास्त टोचतात. १९८७चा दुष्काळ राजस्थानच्या हाडापर्यंत गेला होता. बांध, पाझर तलाव, चारा छावणी यांत ज्याची हयात गेली तो माणूस तिथेच होता, राजभवनात. आणि राज्य चालवायचं होतं दुसऱ्यांनी. त्याच सप्टेंबरात देवराळा गावी रूपकंवर सती गेली, म्हणजे जाळली गेली असंच मी म्हणतो. १ ऑक्टोबरला सती रोखणारा अध्यादेश निघाला तेव्हा राज्यपाल दादाच होते. मोजून दोन आठवड्यांनी त्यांनी ते पद सोडलं. त्यांच्या एकाही पुण्यतिथीला मी या अध्यादेशाचा उल्लेख ऐकलेला नाही. तुरुंगातली उडी तेवढी ऐकली.

ते परत आले तेव्हा थकलेले होते. दीड वर्षाने गेले. मांजरीच्या ऊस संशोधन संस्थेला त्यांचं नाव मिळालं, ते योग्यच झालं. २०२४मध्ये त्यांचा नातू अपक्ष उभा राहून सांगलीतून लोकसभेवर गेला, तेव्हा आबांनी मला फोन लावायला सांगून जतच्या आतेभावाला ती बातमी दिली. नावाला अजून मत पडतं. कारखान्यांना मात्र एकामागून एक भाडेकरू येताहेत, साऱ्या महाराष्ट्रात, आणि सर्वसाधारण सभेत पाठीमागच्या रांगेतून उठून काट्याचा नि भावाचा हिशेब विचारणारी माणसं आता आबांच्या वयाची झाली आहेत.

काल आबांनी पत्र्याच्या पेटीतून शेअरचा दाखला काढायला लावला. कडा कुरतडलेल्या, शिक्का अजून निळा. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, मला वाचता येतो का विचारलं, आणि मी त्यांचं नाव मोठ्याने वाचून दाखवल्यावर परत पेटीत ठेवायला सांगितलं, खाली नको, वर ठेव म्हणाले.