टीचर टिकली, तर आपली नोकरी टिकते

ऑक्टोबरमधला एक सोमवार. नेहमीप्रमाणे लेकीला डे-केअरला सोडायला गेले, तर वर्गाच्या दारात तिची टीचर नव्हती. तिच्या जागी नवीनच कुणीतरी उभी. लेकीनं माझ्या जॅकेटची बाही घट्ट धरली, ती सोडेचना. "त्या शुक्रवारी काम सोडून गेल्या," एवढंच काउंटरवर कळलं.

ती टीचर मूळची एल साल्वाडोरची. आमच्या पोरीकडून तिनं 'पाणी', 'दूदू' आणि 'नको' हे तीन मराठी शब्द उचलले होते. नऊ महिन्यांत बदललेली ही तिसरी टीचर. पुढे पार्किंगमध्ये एका दुसऱ्या मुलाच्या आईनं सांगितलं, ती एका गोदामात पॅकिंगच्या कामाला लागली म्हणे. तिथे तासाला चार डॉलर जास्त मिळतात.

नंतरचे तीन आठवडे आमच्या घरानं कसे काढले ते आम्हालाच माहीत. लेक दुपारी झोपायची नाही, रात्री दचकून उठायची. त्यात माणसं कमी म्हणून डे-केअरनं दोन दिवस वर्गच बंद ठेवला. नवरा आणि मी मीटिंगच्या वेळा वाटून घ्यायचो. एका रात्री मी म्हटलंसुद्धा, "मीच नोकरी सोडते." इथल्या बऱ्याच मराठी घरांचं गणित सारखंच असतं. आधी हिचे आई-बाबा सहा महिने येतात, मग त्याचे. ते परतले की डे-केअर, आणि डे-केअर डळमळलं की आईची नोकरी.

मला आधी रागच आला. महिन्याला जवळपास दोन हजार डॉलर भरतो, जातात कुठे हे पैसे? शेवटी एका शनिवारी कागद-पेन घेऊन हिशोब मांडला. आम्ही राहतो त्या व्हर्जिनियात नियम असा, की सोळा महिन्यांपर्यंतच्या चार बाळांमागे एक मोठं माणूस हवंच. दोन वर्षांच्या मुलांसाठी आठामागे एक. म्हणजे तान्ह्यांच्या वर्गात चार घरांच्या फीवर एका माणसाचा पगार. पण केंद्र रोज अकरा तास उघडं, टीचरची पाळी आठ तासांची. म्हणून एका वर्गाला एक माणूस पुरत नाही. वर जागेचं भाडं, विमा, खाणं, बदली टीचर. उरतं ते पगाराला. मे २०२३ च्या सरकारी आकडेवारीनुसार अमेरिकेत बालसंगोपनाच्या कामाचा मध्यम दर तासाला १४.६० डॉलर होता. म्हणजे निम्म्या बायका (या कामात बहुतेक बायकाच) त्याहून कमी कमावत होत्या.

आमच्या धंद्यात एकदा लिहिलेला कोड हजार लोकांनी वापरला काय आणि लाखांनी काय, माणसं फारशी वाढत नाहीत. बाळांचं तसं नाही. एका टीचरला चाराऐवजी चौदा बाळं द्या असं कोणी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. मग फी वाढवली तर आई-बाप मोडतात, पगार दाबला तर टीचर जाते. या कात्रीतून बाजार आपोआप सुटत नाही. तिथे सरकारनं हात घालावा लागतो.

गंमत म्हणजे याचा एक चांगला प्रयोग आमच्याच राज्यात झालाय. २०१९ मध्ये व्हर्जिनियानं सरकारी मदत घेणाऱ्या केंद्रांतल्या टीचरना, त्याच जागी टिकून राहिल्यास, आठ महिन्यांत १,५०० डॉलरपर्यंत थेट द्यायचं ठरवलं. मोठ्या भागांत पैसे सगळ्यांना पुरणार नव्हते, म्हणून तिथे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड झाली. त्यामुळे तुलना अगदी चोख करता आली. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी पाहिलं, की पैसे न मिळालेल्या खासगी डे-केअर केंद्रांत शंभरातल्या तीस टीचर सोडून गेल्या, पैसे मिळाले तिथे पंधरा. निम्म्यावर! शाळांमधल्या वर्गांत मात्र फारसा फरक पडला नाही. तिथे पगार बरे, म्हणून मुळात गळतीच कमी. म्हणजे जिथे पगार तोकडा, तिथेच ही मदत लागू पडते. पुढे हा उपक्रम 'रेकग्नाइज-बी-फाइव्ह' या नावानं राज्यभर सुरू राहिला.

पोटोमॅक नदीपलीकडे वॉशिंग्टन डीसीनं त्याहून मोठी उडी मारली. तिथल्या कौन्सिलनं २०२१ मध्ये जास्त उत्पन्नवाल्यांचा कर वाढवून त्यातून टीचरच्या पगारासाठी निधी उभारला. २०२२ पासून पूर्णवेळ मुख्य टीचरना १४ हजार, तर सहायकांना १० हजार डॉलरपर्यंत रक्कम मिळाली. नंतर हे पैसे केंद्रांमार्फत पगारातच घातले जाऊ लागले, जोडीला आरोग्यविमाही आला. पण २०२४ मध्ये बजेट आवळायची वेळ आली, तेव्हा महापौरांनी हा निधीच बंद करायचा प्रस्ताव मांडला. टीचर आणि पालक कौन्सिलपुढे जाऊन बोलले, तेव्हा कुठे सुमारे सात कोटी डॉलर परत मिळाले.

खरं दुखणं हेच आहे. पैसे येतात, पण दरवर्षी टांगती तलवार. कोविडनंतर केंद्र सरकारनं डे-केअर तगवायला दिलेल्या सुमारे २४ अब्ज डॉलरचीही मुदत ३० सप्टेंबर २०२३ ला संपली. पुढच्या वर्षी मिळेल की नाही याची खात्री नसेल, तर बाई गोदामाची नोकरी सोडून परत कशाला येईल?

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगत होते. मावशी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. पोषण आहार, वजनं, लसीकरणाच्या याद्या, गाणी, गोष्टी, वर मोबाईलवर माहिती भरणं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं पोरी, तुमच्या तिकडं पगार कमी, कमी म्हणतेस. आम्हाला तर पगार हा शब्दच नाही. मानधन म्हणायचं."

मी गप्पच झाले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला ज्या कामाचा पाया घातला, ते काम करणाऱ्या बायका ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रभर संपावर होत्या. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितला तेव्हा मान्य झाला. दोन देश, दोन चलनं, पण पोरं सांभाळणं म्हणजे बाईमाणसाला आपोआप येणारी गोष्ट, ही समजूत दोन्हीकडे सारखीच.

आम्ही पुढे केंद्र बदललं. नाव नोंदवताना खेळणी, कॅमेरे बघायच्या आधी दोनच प्रश्न विचारले. तुमच्या टीचर सरासरी किती वर्षं टिकतात? आणि राज्याच्या योजनेत तुम्ही आहात का? डायरेक्टर जरा चमकल्या, मग हसून म्हणाल्या, "हे सहसा कुणी विचारत नाही." तुम्ही कुठल्याही राज्यात, देशात असलात तरी हे विचारा. बजेटच्या वेळी तुमच्या प्रतिनिधीला एक मेलही टाका. मत देता येत नसलं, तरी कर आपणही भरतोच की.

नवीन टीचर आता वर्षभर तिथेच आहे. गेल्या आठवड्यात घ्यायला गेले, तर लेक तिच्या मांडीवर पेंगत होती. मावशीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "बाई चांगली दिसतीय. तिला सांभाळा."