‘करलं’ कुठून आलं?

दोस्तांनो, आधी एक कोडं. ‘झिबकणे’ हे क्रियापद मी आत्ताच बनवलंय. माऊ रोज झिबकते. सांगा बरं, काल माऊ काय...?

‘झिबकली!’ हो ना? हा शब्द तुम्ही जन्मात ऐकला नव्हता, तरी उत्तर पटकन आलं. बसली, उठली, हसली असं ऐकता ऐकता तुमच्या डोक्याने गुपचूप नियम शोधलाय: कालची गोष्ट असेल तर ‘ल’ जोडायचा. १९५८ मध्ये अमेरिकेत जीन बर्को यांनी छोट्या मुलांना अशाच बनावट शब्दांची कोडी घातली. तिथल्या चिमुरड्यांनीही नियम लावून उत्तरं दिली!

आता घरातलं शेंडेफळ आठवा. ‘मी चित्र करलं!’ सगळे हसतात. पण ‘करलं’ घरात कोणीच म्हणत नाही, मग ते आलं कुठून? नियमातून! हिशोब चोख आहे, फक्त ‘कर’ नियमाला जुमानत नाही. ‘जा’चं ‘गेलं’, ‘ये’चं ‘आलं’, ‘हो’चं ‘झालं’ हीसुद्धा त्याच टोळीतली.

गंमत म्हणजे, ही सगळी हट्टी मंडळी आपल्याला उठता-बसता लागणारी. रोजचं भांडं ओट्यावर राहतं, क्वचित लागणारं माळ्यावर जातं आणि विसरलं जातं. ‘केलं’ सतत कानावर पडतं, म्हणून ते टिकतं. इंग्रजीत ‘हेल्प’चा भूतकाळ एकेकाळी ‘होल्प’ असाही होता; आता नियमाप्रमाणे ‘हेल्प्ड’. २००७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी जुन्या इंग्रजीतली अशी १७७ हट्टी क्रियापदं तपासली. त्यांतली ९८च आज हट्टी उरली आहेत. जी कमी वापरात, ती लवकर वठणीवर आली.

मग दोन भाषा बोलणाऱ्यांचं काय? गिरगावात घरी मराठी आणि शेजारी गुजराती ऐकणारं मूल घ्या. मराठीत ‘बसला’ सरळ, ‘केलं’ वाकडं. गुजरातीत नेमकं उलट: ‘कर्युं’ सरळ, पण ‘बेसवुं’चं ‘बेठो’! लालबागच्या गल्लीत क्रिकेट खेळताना ‘मैंने करा’ ऐकू येतं, हिंदीच्या पुस्तकात मात्र ‘किया’. दिवस तेवढाच, तो दोन-तीन भाषांत वाटायचा. साहजिकच एकेक रूप कानावर कमी वेळा पडतं. नेहमीची रूपं तरीही पक्की होतात, कमी ऐकलेली जरा रेंगाळतात. अमेरिकेत घरी स्पॅनिश आणि शाळेत इंग्रजी बोलणारी काही मुलं ‘मला माहीत आहे’ यासाठी ‘से’ऐवजी ‘साबो’ म्हणतात. तोही नियमच, आपल्या ‘करलं’चा परदेशी भाऊ!

तेव्हा धाकट्याला हसू नका, टोकूही नका. सहज म्हणा, ‘अरे वा, चित्र केलंस? कधी केलंस? कोणासाठी केलंस?’ एका दमात तीनदा ‘केलंस’ त्याच्या कानावर पडलं की नाही!