संवादी संगणक-संगीतात स्वराचे रूप

गायनवादनास तत्काळ प्रतिसाद देणाऱ्या संगणक-प्रणालीचे कार्य ग्रहण, संस्करण आणि प्रतिसाद अशा तीन टप्प्यांत होते. रॉबर्ट रो यांनी १९९३ साली मांडलेली ही विभागणी सोयीची आहे; तथापि मूळ प्रश्न पहिल्याच टप्प्यावर उद्भवतो. यंत्राने ‘स्वर’ म्हणून काय ग्रहण करावे?

१९८३ साली प्रचारात आलेल्या ‘मिडी’ संकेतात स्वर म्हणजे ० ते १२७ यांपैकी एक अंक होय. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली व केव्हा सोडली, एवढेच यंत्रास कळते. ध्वनी त्यात नसतो. भाषाशास्त्राच्या परिभाषेत ही स्वनिमांची लिपी आहे, स्वनांची नव्हे. वाळकेश्वरी जन्मलेल्या पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची स्वरलिपीही बव्हंशी याच जातीची. तीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. परंतु दरबारी कानड्यातील अशा गांधारावरचे आंदोलन गुरुमुखातून शिकलेला वाचक स्वतः भरून काढतो. यंत्रापाशी ती परंपरा नसते.

दुसरा मार्ग प्रत्यक्ष ध्वनीचा. ध्वनीचे अल्पकालीन तुकडे घेऊन प्रत्येकातील कंपनसंख्या शोधली जाते व गायकाच्या षड्जाशी तिचे प्रमाण मांडले जाते. अशा रीतीने अंकांऐवजी अखंड वक्ररेषा मिळते, व तीत मींडही उतरते. मात्र त्यास वेळ लागतो. सेकंदास १०० कंपनांच्या खर्जाचे एक आवर्तन १० सहस्रांश सेकंदांचे असते, व निर्णयास निदान दोन आवर्तने हवीत. शिवाय मींडेतील एखादा बिंदू मुक्कामाचा की वाटेवरचा, हे पुढील ध्वनी ऐकल्यावाचून ठरत नाही. म्हणून साथ करणाऱ्या यंत्रास प्रथम अनुमान करून ते मागाहून सुधारावे लागते.

मींड निघत नाही, हा पेटीवरील एक जुना आक्षेप. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर घातलेली बंदी १९७१ साली शिथिल झाली. पण आक्षेपाचे मर्म येथेही लागू पडते. ध्वनीवरून अंक पुन्हा काढता येतात. अंकांवरून गेलेली मींड परत मिळत नाही. गिरगाव-दादरच्या घरांतून बैठकींच्या ज्या ध्वनिफिती उरल्या असतील, त्यांचे केवळ स्वरांक करून मूळ फिती टाकून देणे म्हणूनच घातक ठरेल.